खिडकीचं अनेकवचन

एका मैत्रिणीने मला तीस चिठ्ठ्यांची बरणी दिली. रोज एक चिठ्ठी काढायची, त्यावर जो शब्द निघेल त्यावर कविता लिहायची, आणि रोज वेगळ्या प्रकारात. तिच्या मते माझ्या मुक्तछंदाला फारच मोकळं सोडलंय, जरा शिस्त हवी. पहिली चिठ्ठी निघाली, "खिडकी". म्हटलं चला, लॉटरी लागली, खिडकीवर कुणालाही सुचतं, कवींचं अर्धं आयुष्य तिथेच उभं राहण्यात जातं.

पहिल्यांदा हायकू, कारण तो छोटा. तीन ओळी, अक्षरं पाच-सात-पाच. (जपानीत मोजतात ती आपली अक्षरं नव्हेत, त्यांचे 'ऑन' म्हणजे ध्वनीचे तुकडे वेगळे, 'निप्पोन' आपल्याला तीन अक्षरी दिसतं पण ते चार मोजतात. आणि मराठीत शिरीष पैंनी हायकू रुजवला तेव्हा बोटं मोजण्यापेक्षा क्षण पकडण्याला महत्त्व दिलं. मला क्षण सापडेना म्हणून मी बोटं मोजत बसले.)

खिडकी बंद
आत मी बाहेर मी
कडी कुठाय

मला हे खूप खोल वाटलं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो उठून खरंच कडी बघून आला आणि म्हणाला, "आहे की जागेवर."

मग अभंग. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलं पाहिजे.

खिडकी उघडी
बाहेर पाऊस
लिहायची हौस
फिटली रे

हे दहा मिनिटांत झालं आणि तिथेच माझं डोकं फिरलं, वाटलं आपल्याला जमतंय, आता वृत्त घेऊ.

भुजंगप्रयात घेतलं, शाळेत पाठ होतं म्हणून. लगागा लगागा लगागा लगागा. एक लघू (ऱ्हस्व, 'ल'), दोन गुरू (दीर्घ, 'गा'), असं चार वेळा. रात्री अकरा वाजेपर्यंत मी "खिडकी" कुठेतरी बसवायला बघत होते, सुरुवातीला बसेना, मध्ये बसेना, शेवटी बसेना, मला वाटलं माझंच चुकतंय, मग लघू-गुरूंचे गण लक्षात ठेवायचं सूत्र, "यमाताराजभानसलगं", म्हणून बघितलं तेव्हा उजेड पडला. खिडकी म्हणजे ल, ल, गा. दोन लघू शेजारी शेजारी. आणि भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी येतच नाहीत, कुठेच नाहीत, बाराच्या बारा अक्षरांत नाहीत. म्हणजे ज्या शब्दावर कविता लिहायची तोच शब्द कवितेत यायला बंदी.

उपाय पण निघाला, अनेकवचन. "खिडक्या" म्हटलं की जोडाक्षरामुळे आधीचा "ड" गुरू होतो, आणि होतं काय, लगागा! अगदी मापात. इतकं मापात की भुजंगप्रयाताची एक पूर्ण, निर्दोष ओळ माझ्या हातात आली:

खिडक्या खिडक्या खिडक्या खिडक्या

मी ती उत्साहाने मैत्रिणीला पाठवली. तिचं उत्तर आलं, "बोलताना त्या 'ड'वर आघात येतो का पण? नाहीतर तो गुरू कसला?" यावर आम्ही दोन दिवस भांडलो. त्या दोन दिवसांत कविता शून्य.

गझलचं थोडक्यात सांगते कारण आठवलं की त्रास होतो. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, "खिडकी" आणि "धडकी" घेतलं, मस्त वाजत होतं, तर कळलं की अलामत (यमकाआधीचा स्वर) भंगली, "डकी" सारखं असून भागत नाही, त्याआधीचा स्वरही तोच लागतो. मग काय, खिडकी आणि चिडकी. पुढचा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, मी अजून शोधतेय. सुनीताचं (म्हणजे सॉनेटचं) तर नुसतं गणित केलं, शार्दूलविक्रीडितात ओळीला 19 अक्षरं, ओळी 14, म्हणजे 266 अक्षरं, आणि मी वही मिटली.

मग वाटलं आता जरा परदेशी काहीतरी. पॅरिसमध्ये 1960 साली लेखक आणि गणिताची माणसं मिळून ऊलिपो नावाचा गट निघाला, त्यांचा एक खेळ आहे, ओळीतलं प्रत्येक नाम उचलायचं आणि त्याच्या जागी शब्दकोशातलं त्यानंतरचं सातवं नाम ठेवायचं. माझी ओळ होती "खिडकीतून पाऊस आत आला". घरातला शाळकरी शब्दकोश काढला, बोटाने मोजलं (एखादं नाम इकडेतिकडे झालं असेल) आणि ओळ झाली, "खिशातून पाखरू आत आलं". आठवड्याभरातली सगळ्यात चांगली ओळ! आणि ती मी लिहिलेलीच नाही, शब्दकोशाने लिहिली. मी दुपारभर त्या शब्दकोशावर रुसून होते.

राहिलं पुनर्लेखन. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप यांच्या "वन आर्ट" या एकोणीस ओळींच्या व्हिलनेलचे 17 मसुदे झाले होते, हे वाचून मला भयंकर स्फुरण चढलं. त्या प्रकारात दोन ओळी चार-चार वेळा येतात, म्हणजे सहा ओळी फुकटातच, खऱ्या लिहायच्या तेराच, मला तर तो सेल वाटला. मोबाईलमध्ये "खिडकी", "खिडकी फायनल", "खिडकी फायनल खरंच", "खिडकी फायनल हात लावू नको" अशा फाईली साठत गेल्या. सतराव्या मसुद्यात मी पहिली ओळ कापली, एकोणिसाव्यात ती पाचवी म्हणून परत आली, तेविसाव्यात कवितेत खिडकीच नव्हती, नुसता पडदा उरला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी पाऊस आला. मी टेबलावर चोविसाव्यात गुंतलेली, वही खिडकीपाशी. आतून नवरा ओरडला,

"खिडकी लाव! पाऊस आत येतो! ऐकतेस ना?"

मी थिजले. बोटं आपोआप मोजायला लागली. पाच. सात. पाच. परत मोजलं. पाच, सात, पाच. मी मोजत असताना वही भिजली ती भिजलीच, शाई पार उतरली, आणि तो येऊन खिडकी लावून म्हणाला, "काय झालं? बोटं का दुखतायत?" मी सांगितलं. तेव्हापासून तो माणूस घरात सरळ बोलत नाही, प्रत्येक वाक्याआधी थांबतो आणि बोटं मोजतो.

आज तिसावा दिवस. मैत्रीण फोनवर म्हणाली, "झाल्या का तीस?" मी म्हटलं, "पहिलीवर काम चालू आहे." ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "अगं बाई, दुसरी चिठ्ठी काढ."

काढली. "दार".

गुरू, लघू. भुजंगप्रयातात बसतंय! अनेकवचनसुद्धा करावं लागणार नाही. थांबा, पेन कुठाय माझं.