खुलासा : ‘फोर्ट स्टिकिन’वर जपानी टॉर्पेडो आदळला नव्हता

१४ एप्रिल जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो : ‘१९४४ साली मुंबई गोदीत जपानी पाणबुडीने दारूगोळ्याचे जहाज उडवले. जहाजावर सोनेही होते.’ पाणबुडीचे हे म्हणणे चूक आहे.

‘फोर्ट स्टिकिन’ हे ते जहाज व्हिक्टोरिया गोदीच्या आत, धक्क्याला बांधलेले होते. ही गोदी दरवाजे लावून आत पाणी धरून ठेवणारी. बाहेरच्या समुद्रातून सोडलेला टॉर्पेडो तिथे पोहोचणार कसा? शिवाय आधी धूर दिसला, तो दुपारी दोनच्या आसपास. पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. टॉर्पेडो दोन तास धुमसत बसत नाही.

खरा घोटाळा मालाच्या रचनेत होता. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्यात कराचीला कापसाच्या गासड्या चढवल्या. २ नंबरच्या होल्डमध्ये (जहाजाच्या पोटातील माल ठेवायच्या जागेत) खाली कापूस, वर स्फोटके. दाबून बांधलेली गासडी आतून धुमसते, वरचे पाणी गाभ्यापर्यंत जात नाही. बंबांनी ९०० टनांहून अधिक पाणी ओतले. त्यावर जळता कापूस तरंगत वर, थेट स्फोटकांकडे सरकला. आत स्फोटके आहेत हे सांगणारा धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

दुसरा, अधिक मोठा स्फोट ४ वाजून ३४ मिनिटांनी झाला. तोवर ‘जलपद्मा’सारखे मोठे जहाज पाण्यातून उचलून धक्क्यावर फेकले गेले होते.

चौकशी आयोगाला घातपाताचा पुरावा सापडला नाही. मजकुरातला सोन्याचा भाग मात्र खरा आहे : जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, आणि २०११ मध्येही गाळ काढताना काही मिळाल्या.