'कोकुहो' बघताना गुणा कागलकर आठवत राहिला

परवा रात्री 'कोकुहो' बघितला. जपानी पिक्चर, काबुकीवरचा (म्हणजे तिकडचं पारंपरिक नाटक, बायकांची कामंही पुरुषच करतात), जवळजवळ तीन तासांचा. संपल्यावर झोप लागेना आणि डोक्यात जपान नव्हताच, आपला 'नटरंग'मधला गुणा फिरत होता. (पुढे स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर इथेच थांबा.)

किकुओ हा नागासाकीतल्या याकुझा टोळीच्या म्होरक्याचा पोरगा. बाप मारला जातो, मग एक मोठा काबुकी नट त्याला घरी नेतो आणि स्वतःच्या मुलाच्या, शुन्सुकेच्या जोडीनं शिकवतो. दोघंही ओन्नागाता, म्हणजे स्त्रीपार्टी. पण काबुकीत नाव आणि घराणं बापाकडून मुलाकडं जातं, त्यामुळे किकुओनं कितीही जीव तोडला तरी तो बाहेरचाच. एक मोठी भूमिका शुन्सुकेला डावलून त्याला मिळते, तर मेकअप करताना त्याचे हात असे थरथरतात की ब्रश धरवत नाही, आणि तो शुन्सुकेला म्हणतो, मला आत्ता सगळ्यात जास्त हवंय ते तुझं रक्त, पेल्यात ओतून घटाघटा प्यावंसं वाटतंय. आणि ज्याची भूमिका गेली तो शुन्सुकेच त्याचा चेहरा रंगवून देतो. मी तिथं पॉज करून कितीतरी वेळ बसून होते.

मग 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' आठवला, 1993 चा, पेकिंग ऑपेरा या चिनी संगीत नाटकावरचा. त्यात आई पोराचं सहावं बोट छाटते तेव्हा कुठं त्याला तालमीत घेतात. "मी जन्मानं मुलगी" ही ओळ म्हणताना तो सारखा "मुलगा" म्हणून चुकतो, शेवटी सोबतचाच मुलगा त्याच्या तोंडात पाइप कोंबतो, रक्त येतं, आणि मग ओळ बरोबर येते. त्याच वर्षीच्या कोरियन 'सोप्योन्जे'त तर मुलीच्या गाण्यात दुःख उतरावं म्हणून बापच तिला औषध पाजून आंधळी करतो.

या सगळ्या पिक्चरवर लिहिताना लोक जेंडर, आयडेंटिटी असं लिहितात. चूक नाही, पण मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न आहे की ठरवतंय कोण? शरीर पोरांचं आणि निर्णय आईचा, गुरूचा, बापाचा.

गुणाचं तसं नाही, म्हणून तो मला या सगळ्यांत जास्त लागतो. शेतमजूर, पैलवानी अंगाचा, राजाचं काम करायची हौस. नाच्या मिळत नाही, नाच्याशिवाय फड उभा राहणार नाही, म्हणून तो स्वतः कमावलेलं अंग उतरवतो, कुणी जबरदस्ती केलेली नसते. आणि त्याची शिक्षा त्याला घर, गाव, वैरी सगळे मिळून देतात. किकुओ शेवटी राष्ट्राचा ठेवा ठरतो (कोकुहोचा अर्थच तो), गुणाच्या वाट्याला बलात्कार येतो.

जपानला कशाला जायचं म्हणा. 'नटरंग'नंतर पुढच्याच वर्षी, 2011 ला, त्याच रवी जाधवांनी 'बालगंधर्व' केला. नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं, नेसणं बघून बायका तसं नेसायच्या. माझ्या आजीकडं 'नाथ हा माझा'ची रेकॉर्ड होती, ती लागली की घरात कुणी बोलायचं नाही, आणि तीच आजी आम्हा पोरांतला कुणी जरा नटला-मुरडला की म्हणायची, "नाच्या हैस का रं?" संगीत नाटकातला नट बाईच उभी करायचा आणि पडदा पडला की परत नारायणराव व्हायचा. नाच्या मात्र बायकी पुरुष, हसायला ठेवलेला, त्यात तमाशा कुठल्या जातींनी जगवला हेही सगळ्यांना माहितीये. त्याचं सोंग घरी गेल्यावरही उतरत नाही, लोक उतरू देत नाहीत.

गणपत पाटलांचं तेच झालं ना. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हटलं की आजही तेच डोळ्यांसमोर येतात. संसारी, मुलंबाळं असलेला माणूस, तरी लोक त्यांच्या पुरुषपणावर शंका घेत राहिले, टोमणे मारत राहिले. 2008 ला ते गेले. 'नटरंग' आला 2010 च्या 1 जानेवारीला.