नवा कोच आलाय ना? मग तीन शनिवार पुष्कळ झाले!

गेल्या शनिवारी स्टेडियममध्ये माझ्या मागच्या रांगेत आपल्याच मराठी मंडळातले एक गृहस्थ बसले होते. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची नव्या कोचखालची तिसरी मॅच. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १७-३ ने मागे पडलो, तसं त्यांनी चीजने बरबटलेल्या बोटाने मोबाइल सरकवत इंडियाना विद्यापीठाच्या टीमचे आकडे मोठ्याने वाचायला घेतले. वाचून झाल्यावर "फायर हिम!" अशी आरोळी ठोकली आणि मला मराठीत म्हणाले, "काय राव, फुकट पगार खातोय." असे जाणकार मागेच बसलेले असताना मी इतकी वर्षं नुसती मॅच बघत राहिलो! तर त्यांच्या चरणी बसून मिळवलेलं ज्ञान इथे वाटतो आहे. कॉलेज फुटबॉलच्या नव्या कोचला किती वेळ द्यायचा, ते नीट समजून घ्या.

सर्वप्रथम, दर दहा मिनिटांनी सिग्नेटींचं नाव घ्या. इंडियाना २०२३ मध्ये ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) होतं. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले आणि २०२४ ला ११-२, २०२५ ला १६-० आणि थेट राष्ट्रीय विजेतेपद! इथे थांबा. हा माणूस २०११ पासून लहान कॉलेजांत हेड कोच म्हणून घासत होता, त्याआधी अलाबामात नामांकित कोच निक सेबनच्या हाताखाली होता, आणि येताना आधीच्या कॉलेजचे, जेम्स मॅडिसनचे, डझनभर तयार खेळाडू बरोबर घेऊन आला, हे सांगत बसू नका. चांगला मुद्दा उगाच पातळ होतो.

सेबनचा दाखला द्यायचाच असेल, तर २००९ चा द्या, अपराजित सीझनचा. २००७ या त्यांच्या अलाबामातल्या पहिल्या वर्षी काही झालंच नाही असं समजा. (७-६. त्यातली एक हार घरच्या मैदानावर, लहानशा लुईझियाना-मन्रोकडून.)

ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) कोसळली की शिव्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, घाला. तो टीव्हीवर जास्त दिसतो.

फ्रँक बीमर हे नाव लहान मुलांसमोर काढू नका, वाईट संस्कार होतात. व्हर्जिनिया टेकला त्यांच्या पहिल्या सहा सीझनमध्ये २४ विजय आणि ४० पराभव, सहाव्या वर्षी तर २-८-१ (एक बरोबरीत). तिथल्या मंडळींनी चक्क ठेवून घेतलं त्यांना! मग काय, १९९३ पासून २०१५ पर्यंत दर वर्षी बोल गेम (चांगल्या सीझननंतर मिळणारी मानाची मॅच) खेळायची पाळी आली बिचाऱ्यांवर.

खेळाडूंची चिंता नको, पोर्टल आहे की, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी! कोलोरॅडोने तेच केलं. जवळजवळ अख्खी टीम बदलली आणि १-११ वरून ४-८, पुढच्या वर्षी ९-४. त्याच्या पुढच्या वर्षी ३-९, पण तोवर कोणाला आठवतंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोचला काढताना पैशाचा विचार करायचा नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशरना घरी बसवलं, तेव्हा बायआउट (करार मध्येच मोडल्याची भरपाई) होता साडेसात कोटी डॉलरच्याही वर. रुपयांत सहाशे कोटींच्या पुढे, कोचिंग न करण्याबद्दल! नेब्रास्काचा दिलदारपणा तर विचारू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरले आणि दुसऱ्याच दिवशी स्कॉट फ्रॉस्टना काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर दीड कोटी डॉलरचा बायआउट निम्म्यावर येणार होता. तीन आठवडे! तेवढंही थांबवेना त्यांना. याच नेब्रास्काने २००३ मध्ये फ्रँक सॉलिच यांना काढलं होतं, तेव्हा टीम ९-३ होती. नऊ मॅचेस जिंकलेला माणूस! त्यानंतर कॅलहन आले, पेलिनी आले, रायली आले, फ्रॉस्ट आले. कॉन्फरन्सचं (आपल्या गटातलं) शेवटचं विजेतेपद आहे तिथेच, १९९९ मध्ये. आणि दर वेळी नव्या कोचला हातात काय मिळतं? कोच हलला की पोर्टलचं दार उघडतं, चांगली पोरं निघून जातात, हायस्कूलमधून ज्यांनी शब्द दिलेला असतो ती तो फिरवतात. उरलेल्या टीमवर उभा राहून हा बाबा पहिली मॅच हरतो, आणि तुम्ही मोबाइल काढता.

आणि बायआउटचे पैसे काय स्वर्गातून पडतात? आमच्या इथे आधीचा कोच गेला, त्यानंतर दर सीटमागे भरायची सक्तीची 'देणगी' वाढवल्याची ईमेल आली. तिकिटाचे पैसे वेगळे, पार्किंगचे वेगळे. ती ईमेल बघून मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने बोंबललं कोण? हेच गृहस्थ! "लूट आहे नुसती." अहो, आधीच्या कोचच्या वेळीही तुम्हीच ओरडत होता ना? मग भरा की आता.

ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं निमूटपणे उभे राहता. ऑफिसातलं एका वर्षाचं सॉफ्टवेअर मायग्रेशन तिसऱ्या वर्षात गेलं, तर "कॉम्प्लेक्स आहे" म्हणता. आणि एकोणीस वर्षांच्या पोराने तिसऱ्या मॅचमध्ये एक इंटरसेप्शन दिलं (फेकलेला चेंडू समोरच्या टीमच्या हातात गेला) की त्याच्या कोचची नोकरी मागता? त्या पोराची आई चार रांगा पुढे बसली होती, ऐकू जात होतं तिला सगळं. लाज वाटू द्या जरा! चार वर्षं द्या त्या माणसाला. त्याने पहिल्या वर्षी निवडून आणलेली पोरं सिनियर (शेवटच्या वर्षाला) व्हायलाच तेवढी लागतात. तोवर हरलेली मॅच गप बसून बघायला शिका. एवढाही दम धरवत नसेल तर सीझनची तिकिटं विकून टाका, घेणारे खूप आहेत.