पाळकांना गुडघ्यांवरून कसं उठवावं

तुमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आलेत म्हणे. अभिनंदन! आता एकच काळजी घ्यायची, माणूस निवांत प्रार्थनेला बसता कामा नये. बसला की देव त्याला काहीतरी सांगणार, ते तो रविवारी आपल्याला सांगणार, आणि तिकडं घरी तांबडा-पांढरा गार होणार.

सुरुवात चाव्यांपासून करा. सभागृहाची, माईकच्या कपाटाची, दफनभूमीच्या फाटकाची, सगळा जुडगा त्यांच्याच हातात. प्लंबरला फोन त्यांनीच करायचा. नाताळचा मंडपवाला त्यांनीच ठरवायचा, आणि तो महाग पडला असं आपण म्हणायचं. बाप्तिस्म्याचा दाखला शनिवारी रात्री 10 नंतरच मागावा. उपदेशाच्या तयारीला ते तेव्हाच बसलेले असतात, घरी हमखास भेटतात.

पहाटे 5 ला त्यांच्या खिडकीत दिवा दिसला तर दार वाजवा. रंकाळ्यावर फिरायला जाताना वाटेवरच तर घर आहे. "उठलाच होता म्हणून आलो," एवढं पुरे, चहा आपोआप येतो. याला शास्त्राचा आधारही आहे. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू मोठ्या पहाटे एकांतात प्रार्थनेला गेला, तर त्याचा शिष्य पेत्र माणसं घेऊन मागोमाग हजर: सगळे तुला शोधताहेत! आदर्श सभासद. प्रभूनं त्यावर चला, दुसऱ्या गावांत जाऊ, असं उत्तर दिलं. तेवढं वाचलं नाही तरी चालतं.

बायबलातल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा 6 वा अध्याय मात्र वार्षिक सभेत कुणाला काढू देऊ नका. विधवांच्या रोजच्या वाढपावरून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं आणि आपण प्रार्थना व वचन एवढंच धरलं. आपल्याकडंही सात जण निघतील हो, पण सातही खजिनदारकीला उभे राहतील.

कुणी जुन्यांचे दाखले देईल. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या मागं व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता, सोडून द्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. हे पाळकांच्या कानावरही जाता कामा नये. टिळकांची गीतं घ्यावीत, चाल हवी तेवढी लांबवावी, पण त्यांचं मनावर घेऊ नये.

मी स्वतः मंडळीच्या पंचांत होतो. उत्तम शुक्रवारी, व्यासपीठावर जायच्या पाच मिनिटं आधी, पाळक डोळे मिटून उभे होते. मी खुर्च्यांच्या भाड्याचं बिल पुढं धरलं. त्यांनी डोळे उघडले, सही केली. परत मिटले नाहीत.

दोनेक वर्षांत उपदेश कोरडा पडू लागतो. दृष्टान्त मोबाईलमधून येतात, त्यातले निम्मे आपण ग्रुपवर आधीच वाचलेले. आता हाडूक चोखत म्हणायचं, "पाळकांत पूर्वीसारखा आत्मा राहिला नाही." मग बदलीचा अर्ज लिहा. सह्यांसाठी सभासदांची यादी लागेल. ती कपाटात आहे. चावी पाळकांकडे मागा, लगेच देतील.