उकळल्याने पेंडीतलं विष जात नाही

‘मत्स्यखाद्याचा खर्च निम्म्यावर आणा’ हा मेसेज किती फिरलाय कोण जाणे. माझ्या आतेभावाने तो वाचून बुरशी चढलेली शेंगदाणा पेंड उन्हात पसरली आणि विचारतो, ‘उद्यापासून घालू ना?’ म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो, बुरशीची पेंड उकळा नाहीतर वाळवा, विष निघून जातं. साफ खोटं! वाळलेली बुरशी झटकली की पेंड स्वच्छ दिसते, पण बुरशीने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन आतच राहतं. उन्हाने फार तर वरवरचं थोडं कमी होईल, ढेपेच्या पोटातलं नाही. आणि उकळत्या पाण्याला ते दाद देत नाही. ते मोडायला दोनशे अंशांच्या वर उष्णता लागते. 1960 च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे माशांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रांत, रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात गाठी निघू लागल्या. माग काढत गेल्यावर दोष निघाला खाद्यातल्या सरकी पेंडीचा, म्हणजे त्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा. पुढे प्रयोगांत तर खाद्याच्या एक अब्ज भागांत एका भागाहूनही कमी अफ्लाटॉक्सिनने ट्राउटला यकृताचा कर्करोग झाला. ‘आम्ही घातली, एकही मासा मेला नाही’ असं त्या मेसेजखाली लिहिणाऱ्यांनी एखादा मासा चिरून यकृत बघावं, कल्ले फिके पडलेत का ते बघावं. हे विष सावकाश काम करतं, आधी वाढ खुंटते.

बरं, सगळेच मासे ट्राउटइतके नाजूक नसतात, चॅनल कॅटफिश बरंच जास्त सोसतो. म्हणून मुद्दाम घालायचं?

मेसेजचा पुढचा सल्ला, ‘कच्चं सोयाबीन दळून घाला, प्रोटीन ते प्रोटीन.’ कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचे घटक माशाच्या पोटात प्रोटीनचं पचनच अडवतात. नीट भाजलेली सोया पेंड कार्प, तिलापियाला उत्तम चालते. सॅमन माशाला मात्र तीही जास्त झाली तर आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते.

त्यानंतर, ‘कच्ची मासळी सर्वांत पौष्टिक.’ काही जातींच्या कच्च्या मासळीत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब1 जीवनसत्त्व नासवतं. उकळल्यावर ते निकामी होतं. म्हणजे जिथे उकळायला हवं तिथे हे महाशय कच्चं घाला म्हणतात!

राहिलं ‘जीवनसत्त्वं म्हणजे कंपन्यांची लूट’. बहुतेक पाळीव माशांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडलं की कणा वाकतो. हिरव्या पाण्यात विरळ मासे सोडले असतील तर प्लवंगातून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, बरंच मिळतं, तेवढ्यापुरता मेसेज खरा. दाटीने सोडलेल्या टाकीत किंवा पिंजऱ्यात ते कुठून मिळणार?