टूल मिळालं, आता धडा शोधूया

गुरुजनहो, वर्गात नवं डिजिटल साधन आणायचं ठरवलंत, त्याबद्दल अभिनंदन. आता पहिलं पथ्य पाळा: मुलांचं नेमकं कुठे अडतंय, हे आधी पाहू नका. ते पाहिलं की उपायही लगेच सुचतो आणि बऱ्याचदा तो कागद-पेन्सिलीत किंवा दहा मिनिटांच्या गप्पांत उरकणारा निघतो. मग त्या नव्या ॲपचं करायचं काय? म्हणून आधी ॲप निवडा, खातं उघडा, पासवर्ड विसरा, नवा घ्या, आणि मग त्या ॲपला शोभेल असा धडा पुस्तकात हुडकत बसा. टोपी एकदा शिवून झाली की डोकं कुणाचंही चालतं.

निवडीचा निकष सोपा आहे. शेजारच्या वर्गावर जे अजून कुणी वापरलेलं नाही, ते उत्तम. मुलांची नावं, जन्मतारखा, ईमेल मागितले तर देऊन टाका. गोपनीयतेचं धोरण वाचायला घेऊ नका. ते वाचावं अशी अपेक्षा असती तर ते इतकं लांबलचक लिहिलं नसतं.

सुरुवात अर्थातच प्रश्नमंजूषेपासून करा. कहूट घ्या. पडद्यावर पिन झळकते, संगीत सुरू होतं, मुलं आपापली टोपणनावं टाकतात. त्यातली दोन नावं उडवावी लागतात, त्यात पाच मिनिटं जातात. जाऊ द्या, यालाच सहभाग म्हणतात. आता प्रश्न: १/२ + १/३ किती? उत्तरांची बटणं चार: लाल त्रिकोण, निळा चौकट, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस. बोटं धावतात. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण, आणि नेहमीच्या रचनेत जितका उशीर तितके गुण कमी. अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर दिलं तर जेमतेम ५०० हाती लागतात. म्हणजे छेद समान करून, आकडेमोड तपासून मग बटण दाबणाऱ्याला योग्य तो धडा मिळतो.

यानंतर पडद्यावर एक स्तंभालेख येतो. इथे सावध राहा, कारण हा सगळ्या खेळातला एकमेव धोक्याचा क्षण आहे. समजा, अर्ध्या वर्गाने २/५ निवडलंय. म्हणजे मुलांनी वरच्यात वर मिळवलं, खालच्यात खाली मिळवलं. आता तुम्ही इथे थांबलात आणि सहज म्हणालात, ‘अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान कसं आलं बुवा?’, की संपलं. वर्ग विचार करू लागेल, दोघं वाद घालतील, कुणीतरी आकृती काढायला उठेल आणि तास हातचा जाईल. म्हणून स्तंभालेख दिसताक्षणी ‘पुढे’ दाबा. विजेत्यांचा मंच अजून यायचाय.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गावर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून वेळ मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि उत्तर आलं नाही की पुढे सरकतात, असं तिला दिसलं. हीच वेळ तीन सेकंदांवर गेली की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलंही तोंड उघडतात, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं. ही माहिती कुणाला सांगू नका. तीन सेकंद गप्प राहायला ना वर्गणी लागते ना चार्जर, त्यामुळे त्याचं प्रशिक्षण कोण भरवणार?

काही साधनांपासून मात्र चार हात दूर राहा. उदाहरणार्थ, जिओजेब्रा. २००१ पासूनचं, म्हणजे आधीच जुनं. त्यात त्रिकोण काढा, एक शिरोबिंदू बोटाने ओढा. त्रिकोण वाकडातिकडा होतो, कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र १८०लाच अडून बसते. थोड्या वेळाने एखादं पोर विचारतं, ‘पण का?’ आता या प्रश्नाला ॲपमध्ये बटण नाही, उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. फेटची विज्ञानाची सिम्युलेशनंही याच जातीची: विद्युत परिपथ जोडा, तोडा, बल्ब का लागला नाही ते शोधा. ना गुण, ना टाळ्या, ना क्रमवारी. मुलं गुंततात, पण अहवालात लिहिणार काय?

कुणी खट पाहुणा विचारेल, ‘याने शिकणं सुधारतं याचा पुरावा काय?’ त्याला भविष्य ऐकवा. भविष्याला पुरावा लागत नाही. १९१३ साली एडिसनने सांगितलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, चित्रपटांमुळे दहा वर्षांत शाळा पार बदलून जातील. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर अध्यापन यंत्र घेऊन आला: प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकेल, चूक की बरोबर ते जागच्या जागी कळेल. आजची जाहिरातही हेच सांगते, फक्त यंत्राचं लाकूड जाऊन काच आली. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की शिक्षणातल्या तंत्रज्ञानाबद्दल निःपक्ष आणि भक्कम पुरावा कमीच आहे, आणि ही उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. यातलं दुसरं वाक्य तर आनंदाचंच. पुरावा गोळा होईपर्यंत साधनच नवं आलेलं असतं.

म्हणूनच सगळं साहित्य एकाच ठिकाणी ठेवा आणि प्रत काढून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. शाळांसाठीचं ऑनलाइन व्यासपीठ एडमोडो २०२२ मध्ये बंद झालं. मुलांच्या छोट्या चित्रफितींचं फ्लिप २०२४च्या जुलैत स्वतंत्र सेवा म्हणून आटोपलं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला जॅमबोर्ड, म्हणजे रंगीत चिठ्ठ्या लावायचा गुगलचा डिजिटल फळा, गेला. ज्यांनी वेळेवर पीडीएफ काढून ठेवल्या ते बिचारे अजून जुनंच वापरतायत. तुम्ही मात्र मोकळे.

पाठटाचणात ‘उद्दिष्ट’ नावाचा एक रकाना असतो. तिथे साधनाचं नाव लिहा. फोटोत मुलांचे चेहरे पडद्याच्या उजेडात नीट दिसताहेत ना, एवढं बघा.

आणि ऐन तासाला नेट गेलंच, तर गांगरू नका. गोल फिरणाऱ्या चक्राकडे सगळ्यांना शांतपणे पाहत बसायला सांगा. मागच्या बाकावरची एखादी आगाऊ मुलगी हात वर करेल, ‘बाई, ते २/५ का चुकलं, तोवर फळ्यावर सांगता का?’ तिला खाली बसवा. तिचं अजून लॉगिन झालेलं नाही.