आईचा पाय आणि व्हीआरमधला फुटपाथ

गेल्या महिन्यात आईला घेऊन एका कॉलेजच्या प्रदर्शनाला गेले होते. नगररचना शिकणाऱ्या मुलांनी एका रस्त्याचं व्हीआर, म्हणजे संगणकाने डोळ्यांपुढे उभं केलेलं आभासी, मॉडेल केलं होतं. हेडसेट घालायचा आणि नव्याने आखलेल्या फुटपाथवरून चालून बघायचं. आई ७४ वर्षांची. "आजी, सावकाश, मी धरलंय," म्हणत एका मुलीने तिच्या डोक्यावर तो चढवला. आई चार पावलं नीट चालली. फुटपाथ संपला तिथे थांबली आणि उजव्या चपलेच्या टोकाने कड चाचपू लागली. डोळ्यांना पायरी दिसत होती, पायाखाली मात्र सपाट फरशी. तोल गेलाच, पण मुलीने हात सोडला नव्हता.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फुटपाथ बांधायच्या आधी व्हीआरमध्ये चालून बघावं, नक्की बघावं, असं मला मनापासून वाटतं. पण चालायला बोलवायचं ते आईसारख्या माणसांना, आणि दाखवायचा तो आपला खराखुरा रस्ता.

इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात हायकर नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे डोळे झाकणारा हेडसेट नसतो. ९ मीटर लांब, ४ मीटर रुंद जागेत भिंतींवर आणि जमिनीवर रस्ता उमटतो, माणूस हलका चष्मा लावून खरोखर चालतो आणि त्याला स्वतःचे पाय दिसत राहतात. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग बदलायचा आणि माणूस कधी पाऊल टाकतो, कधी कचरतो ते मोजायचं. खऱ्या रस्त्यावर हे कुणी करून बघेल का? आईला कुणी दहा वेळा बससमोर पाठवणार नाही. तिथे पाठवता येतं, आणि चुकलं तरी ती घरी परत येते.

आईच्या पायाचा प्रश्न मात्र तिथेही सुटत नाही. त्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने पामेला ही वेगळी प्रयोगशाळा काढली होती. तिथली जमीनच वरखाली, तिरकी करता यायची, उजेड कमीजास्त करता यायचा. मला वाटतं, चित्र आणि जमीन दोन्ही एकत्र हवं. शिवाय हेडसेटमध्ये अंतर खऱ्यापेक्षा कमी वाटतं, हे संशोधकांना वर्षानुवर्षं दिसत आलंय. रुंद रस्ता अरुंद वाटला तर "ओलांडणं सोपं आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

आणि वेळेचं गणित बघा. ब्रिटनमध्ये सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. तिथल्याच २०१२च्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या पुरुषांची सरासरी चाल ०.९ मीटर आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. १५ मीटरचा रस्ता एका हिशेबाने साडेबारा सेकंदांत पार होतो, दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ एकोणीस. मधले सहा सेकंद आई रस्त्यात उभी असते. तरुण विद्यार्थ्यांनाच हेडसेट घालून बघितलं तर ते सहा सेकंद कुणाला दिसणारच नाहीत.

२०२२ मध्ये आपल्या देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मेले. हा आकडा वाचून मला रात्री झोप लागली नाही. नियम नाहीत असंही नाही. निवासी भागात १.८ मीटर मोकळी वाट हवी, कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, हे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरणही मंजूर केलं. लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला गाड्या बंद करून पादचारी दिन होतो, तेव्हा मधोमध चालणाऱ्या आजी-आजोबांचे चेहरे एकदा बघा.

त्या प्रदर्शनातल्या फुटपाथवर ना विजेचा डीपी होता, ना उखडलेला पेव्हर ब्लॉक, ना आडवी लावलेली स्कूटर. बाहेर पडताना मी मुलांना एवढंच म्हटलं की हे सगळं मॉडेलमध्ये घाला आणि कड दिसते तिथे खाली खरी लाकडी पायरी ठेवा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग त्या मुलीने आईला विचारलं, "आजी, परत याल?"

"येईन की," आई म्हणाली. "पण आमच्या कोपऱ्यावरचं ते झाकण उघडं असलेलं गटार घाल गं त्यात. मला रोज तिथूनच जायचं असतं."